मूर्तीकडे पाठ

श्रीलंकेच्या सहलीला निघालेली मंडळी मला पत्राने, फोनवरून आणि हल्ली मोबाइलवरच्या निरोपांतून एकच प्रश्न विचारतात : बरोबर काय घ्यावे? मी सांगतो, मोजे घ्या. सुती, जाडसर आणि परत येताना टाकून द्यायला जिवावर येणार नाही असे. विचारणाऱ्याला वाटते, बुवा थट्टा करताहेत. विषुववृत्ताच्या शेजारच्या देशात लोकरीच्या दुकानातले काहीतरी कशाला न्यायचे? पण भर दुपारी पोलोन्नरुवाच्या दगडी फरशीवर अनवाणी पाऊल टाकले की त्याला माझी आठवण होते. वहाणा तिथे देवळाच्या उंबऱ्यापाशी नव्हे, पवित्र आवाराच्या कडेलाच उतरवायच्या असतात, आणि कडेपासून मूर्तीपर्यंत पसरलेला दगड तव्यासारखा तापलेला असतो. मोज्यांना कोणी हरकत घेत नाही. तेव्हा पाय वाचवण्याचा उपाय हा असा सोपा आहे. बाकीचे कसे वाचवावे, ते यंदा दिवाळीच्या फराळाबरोबर सांगावे म्हणतो.

तसे पाहिले तर मराठी माणसाला त्या देशातल्या देवस्थानांत फारसे अवघडल्यासारखे होत नाही. वहाणा काढण्याची सवय आपल्याला आईच्या कडेवरून उतरल्यापासूनच असते. प्रदक्षिणा आपण घालतो तशीच, उजवी बाजू पूज्य वस्तूकडे ठेवून घालायची. फुले वाहायची तीही आपल्यासारखीच न हुंगता. हे पाहून आमच्या सौभाग्यवतींना कोण आनंद झाला! आवाराबाहेर एक सिंहली आई आपल्या लहान मुलीच्या हातावर चापटी मारून फूल नाकापासून दूर करत होती. भाषा एक अक्षर कळत नव्हती, पण आमच्या घरात हे वाक्य पन्नास वर्षे बोलले गेले आहे. फुलांत निळी कमळे असतात, आणि आपण ज्याला देवचाफा म्हणतो तो पांढरा चाफा तर ढिगाने. मूर्तीच्या पायांवर मात्र ती टाकत नाहीत. समोर एक दगडी चौथरा असतो, त्यावर हळुवार मांडतात. ती कोमेजणार हे डोळ्यांसमोर ठेवूनच वाहायची, आपले शरीरही असेच सुकणार याची आठवण म्हणून. मागण्याबिगण्याचा भाग त्यात दुय्यम. नवस बोलण्याची सवय असलेल्या आपल्या मंडळींना हे थोडे कोरडे वाटते खरे.

भेद लागतात ते बारीकसारीक गोष्टींत. आपल्याकडे जुन्या पिढीत बोडक्या डोक्याने देवापुढे जाणे अप्रशस्त समजत. तिथे टोपी आणि छत्री खाली घेणे हा आदर. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. कँडीच्या दंतमंदिरात अर्ध्या चड्डीतल्या पाहुण्याला बाहेरच लुंगी गुंडाळायला लावतात, मग तो कितीही लक्षाधीश असो. पाय पसरून बसायचे ते मूर्तीकडे तळवे करून नव्हे. झोळ्या-पिशव्या तपासतात त्याचा राग मानू नये. अनुराधापूरला १९८५ च्या मे महिन्यात बोधिवृक्षापाशी यात्रेकरूंवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि दंतमंदिरासमोर १९९८ च्या जानेवारीत बाँबचा स्फोट झाला. ज्या दारात रक्त सांडले आहे, त्या दारातल्या पहारेकऱ्याने आपली फराळाची पिशवी उघडून चकल्या मोजल्या तरी मोजू द्याव्यात.

भिक्षूंच्या बाबतीत एक गोष्ट आमच्या भगिनींसाठी मुद्दाम सांगतो, कारण तिचा गैरसमज फार होतो. भिक्षूशी स्त्रीने हस्तांदोलन करू नये, वस्तू हातात देऊ नये, शेजारी खेटून बसू नये. थायलंडमध्ये हे फारच कसोशीने पाळतात. बाईने दिलेली वस्तू भिक्षू आपल्यापुढे अंथरलेल्या कापडावर घेतो. हे ऐकले की आपल्याकडच्या बायकांना आजेसासूचे सोवळे आठवते आणि त्या चिडतात. पण इथे बाई अपवित्र असा अर्थ नाही. व्रत त्या भिक्षूचे आहे, आणि ते सांभाळायला आपण हातभार लावायचा तो हात न लावून. श्रीलंकेच्या बसगाड्यांत पुढची आसने भिक्षूंसाठी राखलेली असतात. आपल्या एस्टीत ती आमदारांसाठी राखलेली असत. ज्याचे त्याचे पूजास्थान!

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती आहे छायाचित्राची.

गल विहार म्हणजे पोलोन्नरुवाच्या एका सलग कातळातून बाराव्या शतकात पराक्रमबाहू राजाच्या काळी घडवलेल्या चार मूर्ती. पैकी शेवटची महापरिनिर्वाणाची, पहुडलेली, ४६ फूट लांब. डोक्याखालची उशी किंचित दबलेली दाखवली आहे, आणि दगडाच्या नैसर्गिक रेषा चेहऱ्यावरून पाण्याच्या लाटांसारख्या वाहतात. पाहणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो. निदान यावा. तिथे छायाचित्र काढायला मनाई नाही. मूर्तीचे हवे तितके काढा. मनाई आहे ती मूर्तीकडे पाठ करून, तिला मागचा पडदा बनवून स्वतःचे काढून घ्यायला. मोबाइलवाल्या जगात हे फार कठीण व्रत आहे, कारण आता माणूस कुठेही गेला की पहिल्याप्रथम पाठच करतो.

आमच्या सहलीत एक निवृत्त बँक अधिकारी होते. सारी गाडी त्यांना साहेब म्हणे. गृहस्थ सज्जन, उतरताना म्हाताऱ्यांच्या पिशव्या स्वतः घेणारे. त्यांनी त्या ४६ फुटी मूर्तीसमोर उभे राहून हात लांब केला, मान तिरकी केली आणि दात दाखवले. पहारेकऱ्याने शिट्टी फुंकली. साहेबांनी ऐकले न ऐकलेसे केले. पहारेकरी जवळ आला आणि हातानेच, तोंड मूर्तीकडे करा, अशी खूण करू लागला. यावर साहेबांनी त्याला इंग्रजीत व्याख्यान दिले : बुद्ध म्हणजे आमचाच, विष्णूचा नववा अवतार, भारतातच जन्मला, तेव्हा आम्हाला काय शिकवता? (लुंबिनी आज नेपाळात आहे, हे त्यांना त्या उन्हात कोण सांगणार?) पहारेकऱ्याला त्यातले किती कळले, देव जाणे. तो खूण करतच राहिला.

आमच्यात नागपूरच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांना आम्ही नुसते बाई म्हणत असू. चार दिवसांत त्या फार बोलल्या नव्हत्या. त्या पुढे झाल्या आणि अगदी शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "भाऊ, तुमचाच आहे ना? मग त्याच्याकडे पाठ काहून करून राहिले तुम्ही?"

साहेबांनी मोबाइल खिशात घातला. गाडीत बसेपर्यंत कोणी काही बोलले नाही. पण गाडी सुटल्यावर साहेब पुन्हा उसळले. अजिंठ्याला नाही का सगळे काढत फोटो? तिथे कुणी शिट्टी मारत नाही. इथेच एवढे काय?

बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "अजिंठ्याला आम्ही जातो तेव्हा मूर्तीपुढे तीन वेळा वाकतो, मग चित्रे पाहतो. तर लोक चित्रे सोडून आमच्याकडेच पाहत राहतात."

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. साहेबांचा प्रश्न चुकीचा नव्हता. अजिंठ्याला खरोखरच असे घडते. रंगीत लेण्यांत शिरताना आपण वहाणा काढतो त्या पुरातत्त्व खात्याच्या सांगण्यावरून, जमिनीच्या नि भिंतींच्या रक्षणासाठी. झगझगीत दिव्याने फोटो काढायला बंदी आहे ती रंग उडू नयेत म्हणून. सव्विसाव्या लेण्यातल्या परिनिर्वाणाच्या मूर्तीपुढे आपण उभे राहतो ते शिल्पाची लांबी-रुंदी ऐकत. कित्येक शतके ही लेणी रानात हरवली होती. भिक्षू नाही, दिवा नाही, फूल नाही. १८१९ साली एका इंग्रज अधिकाऱ्याला ती शिकारीत सापडली, आणि सापडली ती एकदम प्राचीन वस्तू म्हणूनच. शेजारच्या माणसांना तर ती कुणाची हेही आठवत नव्हते. नाशिकची लेणी पांडवांच्या नावावर जमा झाली. जुन्नरजवळ लेण्याद्रीच्या बौद्ध विहारात गिरिजात्मज गणपती बसला. कार्ल्याच्या चैत्यगृहापुढे एकवीरा आली. यात कुणी कट केला अशातला भाग नाही. घर रिकामे राहिले की कुणीतरी राहायला येतेच. पण त्यामुळे आपल्या मराठी डोळ्यांना बुद्धमूर्ती ही 'पाहण्याची' गोष्ट झाली. हा डोळा आपण पारपत्राबरोबर परदेशी घेऊन जातो.

आणि गंमत अशी की ते घर आता रिकामे राहिलेले नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्यालाही आता साठ वर्षांहून अधिक काळ लोटला. २०११ च्या जनगणनेत भारतातले बौद्ध सुमारे ८४ लाख भरले. त्यांतले ६५ लाखांहून अधिक एकट्या महाराष्ट्रात आहेत. म्हणजे बुद्धमूर्तीला वंदन करणारा माणूस पाहायला मराठी माणसाला कोलंबोचे तिकीट काढण्याचे कारणच नाही. तो त्याच्या चाळीत, कचेरीत, शाळेत आहे. आणि नववा अवतार म्हणून साहेबांनी जी आपुलकी दाखवली, ती त्याला आपुलकी वाटत नाही. बुद्ध हा विष्णूचा अवतार मानणार नाही, ही बाबासाहेबांनी त्या दिवशी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली एक प्रतिज्ञा आहे. आपण मोठ्या मनाने 'आमचाच' म्हणतो तेव्हा समोरच्याच्या हातून काहीतरी काढून घेत असतो, हे निदान बाईंच्या तोंडाकडे पाहिले असते तरी कळले असते.

दुसऱ्या दिवशी अनुराधापूर. त्या दिवशी पौर्णिमा होती. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमा सार्वजनिक सुटीची असते. तिला पोया म्हणतात. शब्द आपल्याला अनोळखी वाटला तरी मूळ आहे पालीतले उपोसथ. त्या दिवशी दारूची दुकाने बंद. आमच्या गाडीतल्या दोघातिघांना या गोष्टीची आगाऊ सूचना सहलवाल्यांनी द्यायला हवी होती असे फार वाटले. जाणाऱ्यांनी पंचांग पाहून घ्यावे, मी तर म्हणतो मुद्दाम पौर्णिमाच गाठावी. सारे आवार शुभ्र. बायका, बाप्ये, पोरे पांढऱ्या कपड्यांत, दिवसभराचे शील घेऊन झाडांखाली बसलेली. गर्दी एवढी असून आरडाओरड नाही. पंढरपूरच्या कानाला हे चुकल्याचुकल्यासारखे वाटते.

बाई सकाळी खाली आल्या त्या पांढरी साडी नेसून. आम्हा कुणाला हे सुचले नव्हते. त्यांनी घरूनच आणली होती. नागपूरला दीक्षाभूमीवर जाताना नेसतात तीच. तिथला बोधिवृक्ष म्हणजे सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात गयेहून आणलेल्या फांदीचा वृक्ष. त्याच्या वयाची लेखी नोंद अखंड आहे आणि माणसाने लावलेले इतके जुने, नोंद असलेले झाड जगात दुसरे सांगत नाहीत. सोनेरी कठड्यामागे टेकू दिलेल्या त्याच्या फांद्या दिसतात. बाईंनी आम्हाला पहिल्यांदाच आपणहून माहिती सांगितली : दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष याच झाडाचा. भदंत आनंद कौसल्यायन यांनी इथून फांद्या नेऊन तिथे लावल्या. म्हणजे गयेची फांदी समुद्र ओलांडून आली, दोन हजारांवर वर्षे इथे राहिली आणि मग तिची फांदी परत नागपूरला गेली. सामान्यज्ञानाच्या परीक्षेत मला हे कुणी विचारले असते तर मी नापास झालो असतो, असे एक डॉक्टर म्हणाले.

बाई वाळूवर बसल्या. शेजारी तीन-चार सिंहली म्हाताऱ्या होत्या. त्यांनी हिच्या साडीकडे पाहिले, कपाळाकडे पाहिले आणि काहीतरी विचारले. बाईंना सिंहली येत नव्हती, त्यांना मराठी. मग बाईंनी डोळे मिटून तिसरण म्हणायला सुरुवात केली, आणि दुसऱ्याच शब्दाला त्या म्हाताऱ्यांचे आवाज मिसळले. पुढे पंचशील झाले. उच्चार थोडे इकडेतिकडे, चाल निराळी, पण पाली तीच. संपल्यावर एका म्हातारीने आपल्या परडीतली अर्धी फुले बाईंच्या ओंजळीत घातली. १९५० साली तेव्हाच्या सिलोनमध्ये जागतिक बौद्ध परिषद भरली तेव्हा बाबासाहेब स्वतः गेले होते, हे मी पुस्तकात वाचले होते. त्या जाण्याचे पुढे काय झाले, ते त्या वाळूवर दिसले.

साहेब आत आले नाहीत. ते बाहेरच्या झाडाखाली आम्हा सगळ्यांच्या वहाणा सांभाळत बसले. फरशी तापली होती म्हणून की आणखी कशाने, मी विचारले नाही.

वाचकांपैकी काहींना या विषयावरच्या बातम्या माहीत असतील, त्यांच्याविषयी थोडे बोलणे भाग आहे. २०१२ साली तीन फ्रेंच प्रवाशांनी बुद्धमूर्तींचे चुंबन घेतल्याची छायाचित्रे काढली. ती छापायला टाकली तिथल्या माणसाने पोलिसांना कळवले, आणि गॉलच्या न्यायालयाने त्यांना सहा महिन्यांची शिक्षा दिली, ती स्थगित ठेवून सोडले. ब्रह्मदेशात एका न्यूझीलंडच्या हॉटेलवाल्याने जाहिरातीत बुद्धाच्या कानांना गाणी ऐकायची यंत्रे लावली. २०१५ साली अडीच वर्षांची सक्तमजुरी झाली आणि २०१६ च्या जानेवारीत माफी मिळून तो सुटला. २०१४ साली एका इंग्रज परिचारिकेच्या दंडावर कमळातल्या बुद्धाचे गोंदण दिसले म्हणून तिला कोलंबोच्या विमानतळावरून अटक करून परत पाठवले. हे शेवटचे मला मुळीच पटलेले नाही. ती बाई स्वतः बुद्धाला मानणारी होती. गोंदण तिने भक्तीने काढले होते. आणि केवळ मलाच पटले नाही असे नव्हे. २०१७ मध्ये श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल देऊन आठ लाख रुपये भरपाई देवविली. पोलिसाच्या दंडुक्याने आदर उत्पन्न होत नाही, हे तिथल्या न्यायमूर्तींनाही ठाऊक आहे. पण गोंदण कितीही भक्तीचे असले तरी त्या देशात फिरताना बाहीखाली ठेवावे, एवढे व्यवहारज्ञान मी माझ्या नातवाला जरूर सांगेन.

राहता राहिली खरेदी. हल्ली आपल्याकडे नव्या घरांच्या दिवाणखान्यात बुद्धाचे नुसते मस्तक ठेवण्याची टूम निघाली आहे. शेजारी बांबूचे रोप, खाली पाण्याचे कारंजे. मस्तकच का? याचा मूळ इतिहास सुखाचा नाही. लढाईत मूर्ती फुटल्या, आणि पुढे विकायला नेण्यास अख्खी मूर्ती जड म्हणून चोरांनी माना छाटल्या. जावातल्या बोरोबुदुरला ५०४ बुद्धमूर्ती होत्या. त्यांतल्या तीनशेहून अधिक भंगलेल्या आहेत, बहुतेक शिरावाचून. थायलंडमधल्या अयुथ्थयेला एका वडाच्या जातीच्या झाडाच्या मुळ्यांत असेच एक मस्तक अडकले आहे. तिथे त्याच्या शेजारी छायाचित्र काढायचे तर तुम्हाला खाली बसावे लागते, आपले डोके त्याच्यापेक्षा वर जाता कामा नये. बुद्ध ही शोभेची वस्तू नव्हे, असे मोठमोठे फलकही त्या देशात रस्त्याच्या कडेला लावलेले आढळतात. मूर्ती घ्यायचीच तर अख्खी घ्यावी, नवी घ्यावी, पावती घ्यावी. पन्नास वर्षांहून जुनी वस्तू श्रीलंकेबाहेर न्यायला पुरातत्त्व खात्याचा परवाना लागतो, आणि थायलंडहून बुद्धमूर्ती आणायला तिथल्या ललित कला खात्याचा. दुकानदार 'काही होत नाही' म्हणतो. पण विमानतळावर तो येत नाही.

बाईंनी कँडीला वीतभर उंचीची लाकडी मूर्ती घेतली. ती पेटीत कुठे ठेवायची यावर आमच्या खोलीत बायकांची मोठी चर्चा झाली, कारण पेटीत खाली चपला होत्या. शेवटी त्यांनी ती धुतलेल्या पांढऱ्या साडीत गुंडाळून हातातल्या पिशवीत सर्वांत वर ठेवली. कोलंबोच्या विमानतळावर तपासणीवाल्याने पिशवी उघडायला सांगितली आणि मूर्ती वेगळी ठेवा म्हणून प्लॅस्टिकचे तबक पुढे सरकवले. त्या तबकात आधीच्या कुणाचे तरी बूट होऊन गेले होते. मातीचा ठसा दिसत होता. बाई थांबल्या. मागे रांग खोळंबली. तपासणीवाला सिंहली पोरगा होता. त्याने एकदा बाईंकडे, एकदा तबकाकडे पाहिले, ते काढून घेतले आणि खालून दुसरे, कोरे तबक काढून दिले.